सगळ्यांत वेगवान गडी बसवायचा कुठं?

उसेन बोल्टनं 2009 साली बर्लिनमध्ये 100 मीटर 9.58 सेकंदांत कापले. त्या शर्यतीचा दर दहा मीटरचा हिशेब नोंदलेला आहे, आणि खो-खोच्या माणसानं तो एकदा तरी वाचावा. पहिले दहा मीटर जायला जगातल्या सर्वांत वेगवान माणसाला 1.89 सेकंद लागले. साठ मीटर ओलांडल्यावर तेवढंच अंतर त्यानं 0.81 सेकंदांत संपवलं. म्हणजे बोल्टला पुरता वेग धरायला साठ मीटर मोकळी वाट लागते. खो-खोचं मैदान आहे 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. बोल्टचा बोल्ट होण्याआधीच मैदान संपतं!

लातूरच्या नाहीतर नांदेडच्या कुठल्याही शाळेत जून-जुलैत नवे वर्ग भरले, की पीटीच्या सरांना एखादी पोरगी अशी सापडतेच, जी शंभर मीटरला बाकीच्यांना पार मागं टाकते. शालेय स्पर्धा तोंडावर असतात. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे संघ उभे करायचे असतात. सर तिला खो-खोत घेतात. पहिल्याच सामन्यात ती जीव खाऊन धावते. समोरची संरक्षक मात्र दोन बसलेल्या गड्यांच्या मधून अलगद पलीकडं निघून जाते आणि ही भरधाव तशीच पुढं. कडेला उभं असलेलं कुणीतरी ओरडतं, ‘‘अगं, पळायलीस कुठं!’’

ओरडणाऱ्याचा प्रश्न रास्त आहे. पाय आहेत, दम आहे, वेग आहे. पण पळायचं कुठं, आणि कधी?

अमेरिकेत या प्रश्नावर कित्येक प्रशिक्षकांची पोटं चालतात. त्यांचा फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचा, अकरा विरुद्ध अकरा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. त्यात ‘रनिंग बॅक’ नावाचा एक गडी असतो. तो आपल्या लोकांच्या मागं उभा राहतो, चेंडू हातात आला की निघतो. ख्रिस जॉन्सन नावाच्या अशा एका गड्यानं 2008 च्या निवड चाचणीत 40 यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, 4.24 सेकंदांत कापले होते. पुढच्याच वर्षीच्या हंगामात त्यानं 2006 यार्डांची मजल मारली. एका हंगामात दोन हजारांच्या वर गेलेले गडी तिथंही बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

अशा गड्याला वापरायचं कसं, याच्या तिथल्या युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत. त्याला मधल्या गर्दीत घुसवून आपटू नका, चेंडू कडेला फेकून मोकळी जागा द्या. कधी चेंडू मुद्दाम उशिरा द्या, म्हणजे समोरचे आधीच पुढं धावून आलेले असतील आणि त्यांच्या पाठीमागं मैदान रिकामं असेल. कधी चेंडू देऊच नका. त्याला नुसतं एका बाजूला पळवा, चार जण घाबरून त्याच्यामागं जातील आणि दुसरी बाजू उघडी पडेल. आणि या सगळ्यांच्या आधी, सव्वाशे-दीडशे किलोंचे पाच धिप्पाड गडी समोरच्यांना रेटून त्याच्यासाठी फट पाडतात. वेगवान माणसाचा वेग असा न पळणारे लोक घडवतात. तिकडं ते उभे राहून घडवतात, आपल्याकडं आठ जण बसून घडवतात. मला यात आपला खेळ जास्त अजब वाटतो.

तो अजब का, हे नियमांत पाहावं. आठ आक्रमक मधल्या पाटीवरच्या चौकोनांत बसलेले, एकाचं तोंड इकडं तर शेजारच्याचं तिकडं. नववा पाठलागावर. या नवव्याच्या पायांत नियमांनी बेड्या घातल्या आहेत. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली, की पाटीच्या टोकाच्या खांबापलीकडं गेल्याशिवाय मागं वळता येत नाही. संरक्षकाला मात्र यांतलं एकही बंधन नाही. तो पुढं जाईल, मागं येईल, दोन गड्यांच्या मधल्या फटीतून पलीकडं जाईल. त्याला पलीकडं जायला एक सेकंदही लागत नाही. आक्रमक मैदानाच्या मध्यावर असेल आणि त्याला स्वतःच पलीकडं जायचं असेल, तर बारा मीटर खांबापर्यंत, वळसा, आणि बारा मीटर परत. चोवीस मीटर विरुद्ध दोन पावलं. या हिशेबात बोल्टही हरतो.

म्हणून खो. खो पाठीमागूनच द्यावा लागतो. त्यामुळं ज्याला तो मिळतो त्याचं तोंड आपोआप पलीकडच्या बाजूला असतं, आणि तो उठतो तो त्याच बाजूला. मधली पाटी एकाही आक्रमकानं ओलांडलेली नसते, पाठलाग मात्र ओलांडून गेलेला असतो. ज्यानं कुणी पहिल्यांदा गडी असे आलटून-पालटून तोंडं करून बसवले, त्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या खेळाला लेखी नियमांत बसवलं, पण ही बसण्याची कल्पना त्याच्याही आधीची, कुणा अनामिकाची.

खो देताना हाताचा स्पर्श हवा आणि तोंडानं मोठ्यानं ‘खो’ही हवा, दोन्ही एकदम. नियम म्हणून आपण हे पाठ करतो, पण शरीराच्या दृष्टीनं त्यात काय दडलंय ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायला माणसाला साधारण 0.20 सेकंद लागतात. आवाज आणि स्पर्श यांवर मात्र तीच हालचाल 0.15 सेकंदांच्या आसपास सुरू होते. खो नेमका या दोन जलद वाटांनी येतो. बसलेल्या गड्याला मागं वळून बघायचं कामच नाही; त्याचे डोळे समोरच्या संरक्षकावर मोकळे राहतात आणि उठायचा हुकूम पाठीतून व कानांतून मिळतो. वाचलेला सेकंदाचा विसावा हिस्सा म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण संरक्षक सेकंदाला पाच मीटरनं सरकत असेल, तर एवढ्या वेळात तो पाव मीटर जातो. वीतभर अंतरानं हुकलेले गडी ज्यांनी पाहिलेत, त्यांना पाव मीटरची किंमत सांगायला नको.

आता त्या बसलेल्यांचे पाय बघा. सकाळच्या सरावाला मैदानाच्या अगदी कडेला, बसलेल्या मुलींच्या उंचीवर स्वतः उकिडवं बसलं, तरच हे दिसतं. काळ्या मातीवर पाणी मारून, रोलर फिरवून केलेलं मैदान, त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा. पाचव्या चौकोनातली मुलगी दोन्ही पायांचे चवडे एका रेषेत ठेवून बसली आहे, टाचा उचललेल्या, बोटांची टोकं जमिनीला. तिला डावी-उजवी कुठलीही दिशा सारख्याच सोयीची. सहाव्या चौकोनातलीनं एक पाय थोडा मागं घेतलाय, शंभर मीटरचे धावपटू ठोकळ्यांवर ठेवतात तसा. ती उठेल तर बंदुकीच्या गोळीसारखी, म्हणून प्रशिक्षक या बैठकीला ‘बुलेट टो’ म्हणतात आणि पहिलीला ‘पॅरलल टो’. दुसरीत जोर जास्त, पण समोरचा गडी नको त्या बाजूला वळला तर पाय अडखळतो. मुलगी उठून गेली की तिच्या चौकोनात चवड्यांच्या दोन खळ्या राहतात. अर्ध्या तासाच्या सरावानंतर त्या खळ्या पाहून सर सांगू शकतात, कोण टाचेवर आळसावून बसली होती आणि कोण चवड्यावर.

‘‘खो यायच्या आधी उठायचं न्हाई, पण खो आल्यावर बसलेलं दिसायचं बी न्हाई,’’ असं एका सरांनी मुलींना बजावलेलं मी ऐकलंय. वेगाच्या शास्त्रावरचं यापेक्षा नेमकं वाक्य मला पुस्तकात सापडलेलं नाही. आधी उठलं तर नियमभंग. उशिरा उठलं तर गडी गेला. मधली जागा दीड दशांश सेकंदाची.

खो म्हटलं की रिले आठवते, आणि आठवायलाच हवी. 4 बाय 100 मीटरचा जागतिक विक्रम जमैकाच्या चौघांचा, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधला, 36.84 सेकंदांचा. चारानं भागा: दरमाणशी 9.21. बोल्टच्या 9.58 पेक्षाही जलद! गुपित एवढंच, की पहिल्याशिवाय बाकीचे तिघं दांडा हातात येण्याआधीच धावायला लागलेले असतात. रिलेत वेग हातोहात पुढं जातो. खो-खोत तसं होत नाही. इथं पुढं जातो तो फक्त पाठलागाचा हक्क; वेग मागच्याजवळच संपतो आणि पुढच्याला शून्यातून उभा करावा लागतो. त्यामुळं बोल्टच्या हिशेबातला तो पहिला, कासवगतीचा टप्पा खो-खोत पुन्हा पुन्हा येतो. साठ मीटरच्या पुढच्या टप्प्याची पाळी कधीच येत नाही. सरळ रेषेतला सर्वोच्च वेग या खेळात जवळजवळ निरुपयोगी आहे. उपयोगाचे आहेत ते पहिले तीन ते पाच मीटर.

यात एक मोठी सोयही लपलेली आहे. जीव तोडून धावताना स्नायू जे इंधन वापरतात, ते फॉस्फोक्रिएटिन, साठ्यात थोडंच असतं. पूर्ण जोरात धावलं तर सहा ते दहा सेकंदांत उतरणीला लागतं. विश्रांती मिळाली की अर्ध्या मिनिटात जवळजवळ निम्मं भरून निघतं, पुरतं भरायला काही मिनिटं लागतात. आता खो-खोतला आक्रमक एका वेळी किती धावतो? तीन सेकंद, चार सेकंद, फार तर खांबापर्यंत. मग खो देऊन त्याच जागी बसतो. बसला म्हणजे भरायला लागला. पारंपरिक सामन्यात 9 मिनिटांची एक पाळी असते. ती अखंड एकट्यानं धावायची म्हटलं तर कुणाच्याही बापाला जमणार नाही. नऊ जणांत वाटली, की प्रत्येक वेळी ताजा गडी आणि प्रत्येक वेळी ताजे पाय. वेगवान गड्याला बसवून ठेवणं म्हणजे त्याला वाया घालवणं नव्हे, त्याचा वेग राखून ठेवणं आहे. खो देण्याची घाई नसलेला, ‘मीच मारतो गडी’ म्हणून एकटाच धावत राहणारा गडी दहाव्या सेकंदाला साधारण गडी झालेला असतो. हा प्रकार शालेय सामन्यांत दर दहा मिनिटांनी दिसतो आणि टाळ्याही त्यालाच पडतात.

मग ती शंभर मीटरवाली मुलगी बसवायची कुठल्या चौकोनात? पहिला मोह होतो तो खांबाजवळ बसवायचा, कारण बरेच गडी खांबावर मारले जातात. इथं जरा भौतिकशास्त्र आडवं येतं.

खांबाची उंची 120 ते 125 सेंटिमीटर. आक्रमक धावत येतो, एका हातानं खांब धरतो आणि पलीकडच्या बाजूला वळतो. वळणावर शरीराला आत ओढणारं काहीतरी लागतं, नाहीतर ते सरळच जाईल. दोरीला बांधलेली बादली गरगर फिरवताना दोरीला जी ओढ बसते, तीच ही. ही ओढ वेगाच्या वर्गानं वाढते. 50 किलोची मुलगी एक मीटर त्रिज्येचं वळण सेकंदाला अडीच मीटरच्या वेगानं घेत असेल, तर लागणारी ओढ होते साधारण 32 किलो वजनाएवढी. तेवढी पायाच्या पकडीतून मिळू शकते. वेग दुप्पट करा, सेकंदाला पाच मीटर: ओढ चौपट, 127 किलोंच्या वर! मातीवर पायाची पकड जेमतेम स्वतःच्या वजनाएवढी असते. उरलेलं सगळं त्या एका हातावर. कोवळ्या मनगटाला हे झेपत नाही. मग होतं काय, तर वेगवान गडी खांबाशी येऊन वेग कमी करतो, किंवा भला मोठा वळसा घेतो आणि संरक्षक तेवढ्यात दोन फटी ओलांडून गेलेला असतो.

म्हणून खांबाच्या लगतच्या चौकोनांत लांब हातांचा, घट्ट पकडीचा, खांबाला धरून बेधडक सूर मारणारा गडी हवा. त्याचा शंभर मीटरचा वेळ मला तरी विचारायचा नाही. वेगवान मुलीला मी तिसऱ्या ते सहाव्या चौकोनात बसवीन. मध्यावर पाठलागाची ये-जा सर्वांत जास्त, म्हणजे खो जास्त वेळा मिळणार. दोन्ही बाजूंना पाच-सहा पावलांची मोकळी वाट मिळणार. आणि तिचं काम गडी मारण्याचं नाही, गड्याला खांबाकडं हाकण्याचं. तिच्या भीतीनं संरक्षक खांबाकडं सरकला, की तिनं थांबून खो द्यावा आणि खांबावरच्या लांब हातानं गडी टिपावा. गुणफलकावर नाव दुसरीचंच लागेल. तेवढं पोरीला आधी समजावून सांगावं लागतं, आणि पोरीपेक्षा तिच्या घरच्यांना.

उशिरा दिलेल्या, किंवा न दिलेल्याच, खोची गंमत वेगळीच. आक्रमक बसलेल्या गड्याच्या मागं पोचतो, हात पुढं करतो, संरक्षक खो होणारच म्हणून पलीकडून निसटून अलीकडं सरकतो, आणि खो होतच नाही; आक्रमक तसाच पुढं. किंवा संरक्षकाला वाटतं हा पुढच्याला देणार, आणि हा हाताशी असलेल्यालाच देतो. वेगवान मुलगी ज्या चौकोनात बसली असेल त्याच्या आसपास संरक्षक फिरकायला नाखूश असतात. अमेरिकन फुटबॉलातली चेंडू न देता पळवण्याची युक्ती इथं न उठवता बसवून ठेवण्याची होते. कसलेला संरक्षक मैदानात उतरताना एक नजर पाटीवरून फिरवतो ती यासाठीच: कोण कुठं बसलंय, कुणाचं तोंड कुठं.

संरक्षणात तर वेगाचा हिशेब अगदी उलटा होतो. तीन-तीनच्या तुकड्या उतरतात. नवखी वेगवान मुलगी उतरली, की पाठलाग करणारीपासून लांब, लांब पळते. लांब पळणं म्हणजे खांबाकडं किंवा रेषेकडं पळणं, म्हणजे कोपऱ्यात सापडणं. मुरलेली संरक्षक आक्रमकाच्या हातापासून जेमतेम दोन हातांवर राहते. एवढी जवळ, की हूल दिली तर आक्रमकाला ती बघून पाय वळवायला लागणाऱ्या वेळात ती निसटलेली असावी. सेकंदाला पाच मीटरनं चाललेलं शरीर 0.20 सेकंदात एक मीटर जातं, म्हणजे एका हाताच्या लांबीहून जास्त. आक्रमक खरा हरतो तो या एका मीटरमध्ये. एकेरी साखळीत ती प्रत्येक फटीतून नागमोडी जाते, दुहेरीत दोन गडी सोडून, आणि गोलात मधल्या काही गड्यांभोवतीच घुटमळत राहते. तिन्ही प्रकारांत पुरत्या वेगानं धावायची गरज पडत नाही, वेग बदलत राहायची पडते. वेगवान मुलीला हळू धावायला शिकवणं हे संरक्षणातलं सगळ्यांत अवघड काम, असं प्रशिक्षक सांगतात ते उगाच नाही.

अलीकडच्या लीगनं या सगळ्या गणितात एक नवा गडी आणून बसवला. 2022 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो खो’ सुरू झाली. नऊऐवजी सात गडी, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, माती जाऊन मॅट, आणि ‘वजीर’. वजिराला दिशेचं बंधन नाही. तो बुद्धिबळातल्या वजिरासारखा कुठंही वळू शकतो. पॉवरप्लेत असे दोन वजीर. वर ज्या बेड्या सांगितल्या, त्या एका गड्यापुरत्या काढून टाकल्या असं समजा. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाजला 46-45 असं एका गुणानं हरवलं.

वजीर कुणाला करावं? सगळ्यांत वेगवानाला, असं पटकन तोंडात येतं. मला ते पटत नाही. दिशा मोकळी झाली की खेळ सरळ वेगाचा राहत नाही, उलट फिरण्याचा होतो. पाच मीटरच्या वेगावरून थांबून उलट पाच मीटरच्या वेगाला जाणं म्हणजे शरीराला दोन धावा एकदम पडतात, एक थांबण्याची आणि एक निघण्याची. ज्याचा वेग जास्त, त्याला थांबायलाही जास्त लागतं. वजीर व्हावा गुडघे वाकवून, बुटक्या पावलांनी, जागच्या जागी फिरणारा. वेगवान गडी वजिराच्या शेजारच्या चौकोनात बसवावा, वजिरानं गोंधळवून सोडलेला संरक्षक टिपायला.

हा खेळ संघ म्हणून वेग कसा साठवतो याचं ताजं उदाहरण दिल्लीत दिसलं. 19 जानेवारी 2025 रोजी पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. पहिल्या सात मिनिटांत त्यांनी 34 गुण घेतले. दर गड्याला दोन गुण, म्हणजे 17 गडी. सरासरी 25 सेकंदांत एक. तिसऱ्या पाळीत 38 गुण, म्हणजे 19 गडी. शेवटच्या पाळीत संरक्षणात चैत्रा बी.ची तुकडी पाच मिनिटांहून जास्त टिकली. एकाच संघानं एका टोकाला 25 सेकंदांत गडी मारावा आणि दुसऱ्या टोकाला पाच मिनिटं मरूच नये, यात एखाद्या पायाच्या जोडीचं कौतुक कमी आणि बैठकीचं जास्त आहे.

त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. संघातली अश्विनी शिंदे धाराशिवची. धाराशिवच्याच सारिका काळेनं 2016 च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्णपदक आणलं आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो 22 वर्षांनी मिळत होता. लातूर 16 ऑगस्ट 1982 पर्यंत याच धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्याचा भाग होता, याची लातूरकरांना मुद्दाम आठवण करून द्यायला हवी. जिल्हा वेगळा झाला, मुख्यालय झालं, ‘लातूर पॅटर्न’ झाला, शिकवण्यांनी राज्यभर नाव काढलं. राज्य स्पर्धांत दबदबा मात्र शेजाऱ्यांचा राहिला. नांदेडकडं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, त्याच्याखाली नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीची महाविद्यालयं येतात, पोरापोरींची कमतरता नाही. शिकवणीच्या दोन तासांच्या मध्ये मैदानाला पाऊण तास मिळाला तरी पुरे आहे. या खेळाला लागतात दोन खांब, फक्की आणि चवड्यावर बसायची सवय.

आपल्याकडं अजूनही बऱ्याच शाळांत खो-खोचा संघ शंभर मीटरची शर्यत लावून निवडतात. ती शर्यत पहिल्या क्रमांकासाठी ठेवा, संघ निवडायला वापरू नका. मुलीला फक्कीच्या चौकोनात बसवा, मागून पाठीवर हात ठेवून मोठ्यानं ‘खो’ म्हणा, आणि पाचव्या मीटरवरच्या रेषेला तिचा पाय लागेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. प्रत्येकीला तीनदा संधी द्या, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं आणि एकदा खांबाला वळसा घेऊन. यंदाच्या चाचणीला एवढं करून पाहा. शंभर मीटरला चौथी-पाचवी आलेली एखादी मुलगी या यादीत वर येते की नाही, ते आकडेच सांगतील.